शाळेची बंद खोली उघडा, पैसा तिथंच पडला आहे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावचा शेतकरी. आठ एकर कोरडवाहू वावर, पऱ्हाटी अन् तूर. पोरगी गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला आहे, पोरगा तिसरीला, अन् दोन वर्षांआधी गावानं मला शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष केलं. पत्र लिहायचं कारण असं की सध्या जिकडे तिकडे एकच चर्चा चालू आहे की सरकारी शाळांवर खर्च फार होतो, पोट्टे कमी झाले, म्हणून शाळा बंद करा, जोडून टाका, पैसा वाचवा. पैसा वाचला पाहिजे हे मलाही पटते, पण तो कुठं वाचतो हे आम्ही दोन वर्षं स्वतःच्या डोळ्यानं पाहिलं, म्हणून म्हटलं लिहावं.

आमची शाळा पहिली ते सातवी, पट ६४. खोल्या पाच, पण वापरात चारच, पाचव्या खोलीला कुलूप. तिसरी अन् चौथीचे पोट्टे व्हरांड्यात बसायचे, पावसाळ्यात सर आली की दप्तरं उचलून पाचवीच्या खोलीत दाटीवाटीनं घुसायचे. आम्ही नवीन खोली मंजूर व्हावी म्हणून पंचायत समितीला तीन अर्ज केले होते. मग एका मिटिंगमध्ये एक आजीबाई, नातू शिकतो त्यांचा, त्या सरळ बोलल्या, "अरे पन त्या बंद खोलीत हाये तरी काय, ते तं पाहा आधी." अन् खरंच आमच्यापैकी कोणी पाहिलंच नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत हेडसर, मी अन् समितीच्या दोन बायांनी मिळून ती खोली उघडली. एकवीस मोडके बाक एकावर एक रचलेले, सहा पंखे, पाच कॉम्प्युटर त्यांच्या बॅटरीच्या डब्यांसकट, एक प्रोजेक्टर, पाणी शुद्ध करायचं मशीन, दोन गणित पेट्या ज्यांची पट्टीसुद्धा कोणी सोडली नव्हती, अन् तीन खोके भरून गोष्टीची पुस्तकं, त्यातला एक खोका वाळवीनं खाल्लेला. मला त्या पुस्तकांचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण माझ्या पोरीला वाचायचा लय नाद आहे अन् ती किराणा बांधून आलेला पेपरसुद्धा वाचत बसते, अन् तिच्या वर्गापासून वीस पावलावर दोनशे पुस्तकं कुलपात होती.

मी हेडसरवर चिडलो, ते खोटं नाही सांगत. पण त्यांनी मला रजिस्टर दाखवलं तेव्हा समजलं. शाळेत आलेली प्रत्येक वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढते, ज्याला आपण डेड स्टॉक म्हणतो, अन् एकदा चढली की मोडली तरी फेकता येत नाही, विकता येत नाही, त्यासाठी निर्लेखन करावं लागते, म्हणजे ती वस्तू वहीतून रीतसर कमी करावी लागते, अन् त्याला वरून मंजुरी पाहिजे. मंजुरीचा कागद गेला की येत नाही लवकर. मग गुरुजी काय करतात, मोडकी वस्तू एका खोलीत टाकतात अन् कुलूप लावतात, कारण उद्या ऑडिटला वस्तू दिसली नाही तर वसुली त्यांच्या पगारातून. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पुस्तकांचंही तेच, हरवलं तर भरून कोण देणार या भीतीनं पुस्तकं वाटलीच नाहीत. आता आम्ही समितीचा ठराव घेऊन ठेवला आहे की वाचता वाचता पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर गुरुजींना कोणी विचारायचं नाही. हा ठराव सरकारी ऑडिटला चालतो की नाही ते पुढं पाहू, पण पुस्तकं आता घरोघरी फिरतात.

पुढची हकीकत नीट सांगतो, कारण मुद्दा त्यातच आहे. गावातला वेल्डिंगवाला पोरगा आला, त्यानं एकवीस बाकांतले सोळा उभे होतात म्हणून सांगितलं, उरलेल्या पाचाच्या फळ्या अन् नळ्या त्यालाच वापरल्या. वेल्डिंग, नटबोल्ट, फळीला रंधा अन् रंग धरून ४,१०० रुपये लागले. नवीन जोडबाक तालुक्याच्या गावी विचारला तर साडेतीन हजाराच्या वर सांगत होते, म्हणजे सोळा बाक घ्यायचे तर पन्नास हजाराच्या पुढं गेलो असतो. पंख्यांचं तर ऐकून तुम्हाला नवल वाटल. वायरमनचं काम करणारा आमचा भाचा म्हणाला, "मामा, पंखे काई खराब नाई झाले, यायचे कंडेन्सर गेले फक्त." साठ रुपयाचा कंडेन्सर. सहातले चार पंखे तेवढ्यानं फिरले, एकाचं बेअरिंग बदललं, एकाची वाइंडिंग जळली होती तो तसाच ठेवला. चार पंखे साठ साठ रुपयासाठी चार वर्षं धूळ खात होते, अन् खाली बसलेले पोट्टे मार्च महिन्यात वहीनं वारा घेत होते, हे मला आठवलं की आजही झोप लागत नाही.

कॉम्प्युटर पाचाचे तीन झाले. बॅटऱ्या मेल्या होत्या, म्हणून लाईट गेली की बंद, अन् आमच्याकडे लाईट जातेच, म्हणून हळूहळू कोणी लावायचंच सोडून दिलं होतं. गावचा एक पोरगा अमरावतीला इंजिनिअरिंग करतो, त्यानं दोन मशीनचे पार्ट काढून तीनमध्ये टाकले अन् फुकटात मिळणारी लिनक्स नावाची कॉम्प्युटर चालवायची सिस्टीम टाकून दिली, जुन्या मशीनवर ती हलकी चालते. प्रोजेक्टर मात्र नाही झाला, त्याच्या दिव्याचीच किंमत एवढी की नाद सोडला. अन् पाण्याचं मशीन, त्याचं तर फक्त फिल्टर बदलायचं होतं. आमच्या जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत पाण्यात फ्लोराईड आहे, पोट्ट्यांच्या दातावर पिवळे डाग दिसतात, अशा ठिकाणी हे मशीन म्हणजे औषध आहे औषध. ३,२०० रुपयात ते चालू झालं. त्यातून बरंचसं पाणी बाहेर टाकलं जाते, ते आधी नालीत जायचं, आता पाईप लावून संडासच्या टाकीत घेतलं.

हे सगळं केलं अन् ती खोली रिकामी झाली. जी खोली मिळावी म्हणून आम्ही अर्जावर अर्ज करत होतो ती शाळेतच होती.

आता मला जे म्हणायचं आहे ते. आमच्या शाळेत वस्तू कमी आल्या असं नाही. वस्तू आल्या, पण वस्तूबरोबर तिची देखभाल नाही आली. ट्रॅक्टर घेणारा माणूस डिझेल, ऑइल अन् टायरचा हिशेब आधी लावतो, बैल घेणारा कडब्याचा लावतो. सरकार शाळेला मशीन देते तेव्हा पुढच्या पाच वर्षांचं फिल्टर, बॅटरी, दिवा याचा हिशेब लावतच नाही. खरेदीचा फोटो निघते, दुरुस्तीचा निघत नाही. माझी पहिली मागणी हीच आहे की शाळेत कोणतंही यंत्र देताना त्याच्या किमतीतच तीन ते पाच वर्षांची देखभाल धरा, तालुक्याला कोण माणूस येऊन दुरुस्त करणार त्याचा नंबर मशीनवर चिकटवा, अन् एवढे पैसे नसतील तर दहाच्या जागी सहाच मशीन द्या पण ते चालू राहू द्या. अन् किरकोळ किमतीच्या मोडक्या वस्तूंच्या निर्लेखनाचा अधिकार केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांचं केंद्र पाहणारे अधिकारी, अन् शाळा व्यवस्थापन समितीला मिळून देऊन टाका. जिल्हाभरातल्या किती खोल्या मोकळ्या होतील याचा अंदाज आमच्या एका शाळेवरून लावा.

पैशाचं सांगतो. समग्र शिक्षा योजना २०१८-१९ ला सुरू झाली, त्यात शाळेला जे संयुक्त अनुदान मिळते ते पटावर ठरते. ३० पर्यंत पट असला तर १०,००० रुपयांपर्यंत, त्याच्या वर १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. आमचा पट ६४ म्हणजे २५,०००, अन् त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. भागाकार करून पाहा, एका पोट्ट्यामागं वर्षाचे ३९० रुपये, शाळेच्या २२० दिवसांनी भागलं तर दिवसाला पावणेदोन रुपये. यात खडू, रजिस्टर, वीजबिल, झाडू, फिनाईल, रंगरंगोटी सगळं. म्हणजे सरकारी शाळा लय पैसा खाते असं जे लोक म्हणतात त्यांनी हा आकडा आधी पाहावा. एवढ्या कमी पैशात चालवायचं असल तर एक एक रुपया वेळेवर अन् जागेवर पडला पाहिजे, अन् तो तसा पडत नाही.

मी अध्यक्ष झालो त्या पहिल्या वर्षी पैसे खात्यात दिसले फेब्रुवारीच्या शेवटी. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा, नाही तर परत. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत हेडसरनी खिशातून खडू आणले, झाडू आणला, बिल भरलं. वीजबिल दोन महिने राहून गेलं तर लाईन कटली अन् जोडायचा खर्च वेगळा पडला. मग मार्चच्या तीन आठवड्यांत पंचवीस हजार संपवायचे म्हणून जो पहिला दुकानदार पक्की पावती देईल त्याच्याकडून जे मिळल ते घ्या. तालुक्याच्या सगळ्या शाळा त्याच तीन आठवड्यांत बाजारात उतरतात तर भाव कोण कमी करणार? बी-बियाणं मृगात पाहिजे, दिवाळीत देऊन उपयोग नाही, तसंच हे आहे. आमच्या विदर्भात उन्हामुळं शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा उघडतात, २०२५ ला तिकडं १६ जूनला उघडल्या अन् इकडं २३ जूनला. तो एक आठवडा आम्हाला जास्तीचा मिळते. त्याच्या आत निम्मं तरी अनुदान शाळेच्या खात्यात पडलं तर कवेलू, नाली, नळ, पंखे सगळं पोट्टे यायच्या आधी उरकून होते, अन् तेवढ्याच पैशात जास्त काम होते. सरकारला यासाठी एक रुपया जास्तीचा लागत नाही, फक्त तारीख बदलायची आहे.

वरून एकदम सगळ्यांसाठी घ्यायचं म्हटलं की स्वस्त पडते असा एक समज आहे. काही गोष्टीत पडत असल, पुस्तकांची छपाई बालभारतीनंच करावी, ते गावात होणार नाही. पण गणवेशाचं पाहा. दोन गणवेशाचे पोट्ट्यामागं ६०० रुपये, म्हणजे एका गणवेशाला ३००. २०२४-२५ ला एक राज्य एक गणवेश म्हणून कापड वरून आलं, अन् राज्यभरातून उशिराच्या अन् मापाच्या तक्रारी आल्या, शेवटी तो निर्णय फिरवला अन् २०२५-२६ पासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीला दिला. हे चांगलं केलं, मी मनापासून म्हणतो. आमच्या गावात बचत गटाच्या दोन बायांकडे शिलाई मशीन आहे, त्या शाळेत येऊन माप घेतात, शिवणीत दोन बोटं जास्तीचा कपडा ठेवतात म्हणजे पोरगं वाढलं की उसवून लांब करता येते. तेच पैसे, पण गणवेश दोन वर्षं जाते अन् मजुरी गावात राहते. तसंच पाठ्यपुस्तकात वहीची कोरी पानं जोडायचा प्रयोग, २०२३-२४ ला सुरू झाला अन् २०२५-२६ पासून बंद केला. हेतू चांगला होता, दप्तर हलकं व्हावं, वहीचा खर्च वाचावा. पण राज्यभर एकदम करण्याआधी एका तालुक्यात वर्षभर करून पाहिलं असतं अन् गुरुजींना, आयांना विचारलं असतं तर एवढा कागद लागला नसता.

पुस्तकांवरून आठवलं. आमच्या लहानपणी पुस्तकपेढी असायची, वर्ष संपलं की पुस्तकं परत करायची अन् खालच्या वर्गातल्या पोट्ट्याला ती मिळायची, आम्ही जपून वापरायचो कारण पुढं कोणाला जाणार ते माहीत असायचं. आता पहिली ते आठवी पुस्तकं फुकट मिळतात, दरवर्षी नवी, ते चालूच राहिलं पाहिजे. पण जुनी चांगली पुस्तकं रद्दीत जातात. आम्ही मागच्या एप्रिलमध्ये चांगल्या अवस्थेतली पुस्तकं परत मागितली, कव्हरं घातली, अन् वर्गातच एक एक संच ठेवला, नवीन संच घरी. पोट्टे आता पुस्तकांचं ओझं घेऊन येत नाहीत, वह्या अन् डबा फक्त. खर्च झाला तो कव्हराच्या खाकी कागदाचा.

विजेबद्दल दोन गोष्टी सांगतो कारण यात लोक फसतात. पहिली, बिलावरची वर्गवारी तपासा. सरकारी शाळा-दवाखान्यांसाठी सार्वजनिक सेवा म्हणून वेगळी वर्गवारी आहे, आमच्या बिलावर ती बरोबर होती, पण तुमच्या गावात एकदा बिल हातात घेऊन पाहाच. दुसरी, जो येतो तो सांगते की बीएलडीसी पंखे लावा, विजेची बचत होते. बचत होते हे खरं, जुना पंखा साधारण ७५ वॅट घेते अन् हा ३० च्या आसपास. पण हिशेब करा. आमचे आठ पंखे दिवसाला सहा तास, २२० दिवस चालले तर जुन्यांना वर्षाला ८०० च्या जवळपास युनिट लागतात, नव्यांना ३२० च्या आत. वाचले पावणेपाचशे युनिट. एवढ्यासाठी चांगले चालणारे आठ पंखे काढून वीस-बावीस हजार घालायचे तर ते वसूल व्हायला चार-पाच वर्षं जातात, तेवढ्या पैशात आमचं संडासाचं दार, नळ अन् भिंतीची ओल तीनही होते. म्हणून आम्ही ठरवलं, पंखा जळला तरच नवीन घ्यायचा अन् तेव्हा बीएलडीसीच घ्यायचा. ट्यूबचं उलट आहे, जुनी चोकवाली ट्यूब पन्नासच्या वर वॅट खाते अन् एलईडी वीस, किंमतही दोन-अडीचशे, त्या बदलून टाकल्या एकदम. अन् सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खिडक्या. दोन खोल्यांच्या खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या होत्या, त्या उघडल्या, भिंतीला पांढरा चुना दिला, स्लॅबवरही दिला, दिवसा लाईट लावायची गरजच राहिली नाही अन् मार्चच्या उन्हात खोली जरा कमी तापते. चुन्याला काय लागते, दोन पोती अन् एका रविवारचं श्रमदान.

पाण्याचंही तसंच. आमच्या स्लॅबचं क्षेत्र हजार चौरस फूट धरा, म्हणजे ९० चौरस मीटरच्या वर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आमच्याकडं साधारण नऊशे मिलिमीटर पडतो, थोडं वाया गेलं तरी साठ हजार लिटर पाणी दर पावसाळ्यात या छतावरून नालीत जाते, अन् एप्रिलमध्ये त्याच शाळेत टँकरची वाट पाहतात. पन्हाळी अन् पाईप लावून आम्ही ते बोअरजवळ खड्डा करून मुरवतो. हे काम ग्रामपंचायतीनं पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून केलं, एकूण निधीतला तो ६० टक्के पैसा पाणी अन् स्वच्छतेसाठीच राखलेला होता, अन् शाळा गावातच आहे हे सरपंच साहेबांना एकदा ग्रामसभेत सांगावं लागलं. शाळेचा पैसा अन् ग्रामपंचायतीचा पैसा वेगळा ठेवून एकाच कामासाठी दोघंही अडून बसतात, असं लय गावात पाहिलं आहे मी.

पोषण आहाराबद्दल लोक वाट्टेल ते बोलतात म्हणून सांगतो. पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, अन् डाळ, भाजी, तेल, इंधन याचा खर्च मे २०२५ पासून एका पोट्ट्यामागं दिवसाला पाचवीपर्यंत ६ रुपये ७८ पैसे अन् त्याच्या वर १० रुपये १७ पैसे. यात ताट भरायचं आहे. इथं वाया जाते ते शिजवण्याच्या अंदाजात. कापूस वेचणीच्या दिवसांत अन् बाजाराच्या दिवशी हजेरी एकदम उतरते, अन् स्वयंपाकीण बाई कालच्या अंदाजानं तांदूळ टाकून बसते. आता हजेरी झाली की सातवीची पोरगी चिठ्ठी घेऊन स्वयंपाकघरात जाते, मग तांदूळ मोजला जाते. डाळ रात्री भिजवून ठेवली तर इंधन कमी लागते हे त्या बाईला माहीतच होतं, फक्त तिला रात्री शाळेची चावी कोणी देत नव्हतं. चावी दिली. हात धुतलेल्या पाण्यावर परसबाग लावली, पालक, वाल, भेंडी, कोहळं, अन् कुंपणाला शेवगा. भाजी पोट्ट्यांच्याच ताटात जाते. किती किलो निघाली ते सहावीवाले तोलून लिहितात अन् त्यावरच त्यांचं गणित होते. वर्ध्यात १९३७ साली गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली, सेवाग्राम आमच्यापासून लांब नाही, हातानं काम करता करता शिकायचं हे या मातीतलंच आहे. फक्त एक, पोट्ट्यांना मजूर करू नका. पाणी घालणं, तोलणं, लिहिणं ठीक, पण खड्डे खोदणं अन् पोती उचलणं हे आम्हा बापांचं काम.

आता सगळ्यात महाग वस्तूबद्दल. शाळेत सगळ्यात जास्त पैसा कशावर जातो, तर पगारावर, म्हणजे गुरुजींच्या अन् मॅडमच्या वेळावर. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला ८०० तास अन् सहावी ते आठवीला १,००० तास शिकवणं आहे. त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिलं आहे की जनगणना, आपत्ती अन् निवडणूक सोडून शिक्षकांना बाकी कामाला लावू नये. अन् आमच्या मॅडम सकाळी आल्या की मोबाईल घेऊन गेटजवळ उभ्या, कारण तिथंच रेंज येते, आहाराची माहिती भर, हा फोटो टाक, ती लिंक भर, कालच भरलेलं पुन्हा दुसऱ्या नमुन्यात भर. एक दिवस मी शाळेतच बसून पाहिलं, दोन तासांच्या वर वेळ त्यात गेला अन् वर्ग आपला आपण बसला होता. साठ रुपयाचा कंडेन्सर वाचवून काय करता साहेब, हा दोन तासांचा पगार रोज चालला. एकच माहिती वर्षातून एकदा घ्या अन् सगळ्या कार्यालयांनी तीच वापरा. बचतीचा विषय निघाला की मी आधी हे मांडतो, अन् मिटिंगमधले साहेब लोक मान हलवतात अन् पुढच्या विषयाकडं जातात, म्हणून इथं लिहितो आहे.

अन् शेवटी कमी पटाचं. राज्यात २० च्या आत पट असलेल्या शाळा २०२३ ला चौदा हजारांच्या वर होत्या, अन् तेव्हापासून समूह शाळेची, म्हणजे अशा लहान शाळा जोडून एक मोठी शाळा करायची, चर्चा चालू आहे. आमच्या बाजूच्या पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, अशीच एक शाळा आहे, अकरा पोट्टे. मधात नाला. पावसाळ्यात चार चार दिवस नाला उतरत नाही. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे हे कायद्याच्या नियमात आहे, ते उगाच नाही लिहिलं, सहा वर्षाचं लेकरू नाला ओलांडून येत नसते. शाळा बंद केली तरी तिथले शिक्षक दुसरीकडं जातील, पगार तोच राहील, वर वाहतुकीचा खर्च. समग्र शिक्षेत अशा मुलांसाठी वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत वाहतूक भत्त्याची तरतूद आहे, अकरा पोट्ट्यांचे ६६,००० झाले, अन् एवढं करून पावसाळ्यात गाडी त्या नाल्यापर्यंतच येणार. पाचवीपासून पुढं पोरींना एसटीचा पास फुकट आहे, पण एसटीच त्या पोडावर जात नाही. मग वाचलं काय? वाचलं ते त्या पोरींचं शिक्षण, जे झालंच नाही.

त्याच्यापेक्षा वाटून वापरा. केंद्रातल्या दहा-बारा शाळांना दहा-बारा प्रोजेक्टर कशाला, दोन द्या, फिरवा. विज्ञानाचं साहित्य, खेळाचं साहित्य, पुस्तकांचे खोके फिरवा. महिन्याला शिक्षण परिषद होते, गुरुजी तिथं जमतातच, येताना खोका आणतील, जाताना दुसरा नेतील. आमच्या दोन गणित पेट्यांपैकी एक आम्ही पोडावरच्या शाळेला दिली, कागदोपत्री उसनवारी दाखवून. तिथल्या गुरुजींनी त्याच पेटीवर पोट्ट्यांना दशक-एकक शिकवलं, मी स्वतः जाऊन पाहून आलो, चौथीतला एक पोरगा कोलामीतून मोजत होता अन् मराठीत सांगत होता.

लोकवर्गणीबद्दल थोडं, कारण मागच्या महिन्यात एका कार्यक्रमात एक पाहुणे म्हणाले की गावानं ठरवलं तर सरकारच्या पैशाची गरजच नाही. हे मला पटलं नाही. आम्ही श्रमदान केलं, करू, पण सोयाबीनला भाव नसल्यावर गावात वर्गणी मागायला मला लाज वाटते, अन् शिक्षणाचा हक्क हा २००९ च्या कायद्यानं आमच्या लेकरांना दिलेला आहे, ती काही उधारी नाही. गावानं जपून वापरावं अन् सरकारनं वेळेवर द्यावं.

हिशेबाचं एक राहिलं. आम्ही दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शाळेच्या दर्शनी भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहितो, किती आले, कशावर गेले, किती उरले. समितीत तीन चतुर्थांश पालक अन् निम्म्या बाया असाव्यात हा नियमच आहे, आमच्या समितीतल्या बाया आधी फक्त सहीला यायच्या, आता फळ्यासमोर उभं राहून विचारतात की खराटा एवढा महाग कसा. एकदा खरंच चाळीस रुपयाची चूक सापडली, दुकानदारानं परत दिले. ज्या दिवसापासून फळा लिहिला जाते त्या दिवसापासून शाळेबद्दलची कुजबुज बंद झाली, अन् हेडसरही मोकळेपणानं खर्च करतात कारण त्यांच्या पाठीशी गाव आहे.

त्या पाचव्या खोलीत आता तिसरी अन् चौथी बसते. माझा पोरगा तिथंच असतो, खिडकीजवळ. दोन खिडक्यांच्या काचा राहिल्या आहेत, तोपर्यंत पुठ्ठा लावला आहे, अन् वाइंडिंग जळालेला तो सहावा पंखा अजून कोपऱ्यात पडून आहे. त्याच्या निर्लेखनाचा अर्ज मागच्या जानेवारीत दिला, पोच आमच्याकडं आहे, उत्तर आलं की कळवतो.

आपला एक वाचक,
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती,
जि. यवतमाळ